अकोल्याच्या मास्तरांची चार मिनिटे

नांदगाव खंडेश्वर
१८ जून २०२५

माननीय कुलदीप गावंडे यांस,
सादर नमस्कार.

आपल्याला पत्र लिहिण्याचा मला कोणताही अधिकार नाही, हे जाणूनच लिहीत आहे. तेव्हा आरंभीच क्षमा मागते. गेल्या रविवारी आपण, आपल्या आई बेबीताई आणि माझे देवरावमामा मला पाहण्यासाठी आमच्या घरी आला होतात. आपली-माझी ओळख तेवढीच, आणि तीही माझी दृष्टी बहुतेक वेळ पोह्यांच्या बशीवर असल्यामुळे एकतर्फी. आपला फोन क्रमांक बाबांकडे आहे, परंतु तो मागण्याचे धैर्य माझ्यात नाही. पत्ता मात्र आपल्या बायोडाट्यावर छापलेला होता. म्हणून हे पत्र.

विषय लग्नाचा नाही. विषय पृथ्वीच्या कोनीय वेगाचा आहे.

आपल्याला आठवत असेल, बेबीताईंनी मला पुरणपोळी येते का असे विचारले आणि मामांनी माझ्या वतीने "येते ना, फस्सकलास!" असे सांगून टाकले. त्यानंतर आपण म्हणालात, "मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, मग मी तेच विचारतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, तिचा कोनीय वेग किती?" मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात असा प्रश्न कोणी विचारील असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. त्या बैठकीत मला तेवढ्याच एका प्रश्नाचा आनंद झाला. मी म्हणाले, "सात पूर्णांक एकोणतीस शतांश, गुणिले दहाचा उणे पाचवा घात, रेडियन प्रति सेकंद." आपण हसून म्हणालात, "जवळ आलात. सात पूर्णांक सत्तावीस." सगळे हसले. मी बशी उचलून आत गेले.

महोदय, माझे उत्तर बरोबर होते.

आपण एका फेरीचा कोन, म्हणजे दोन पाय (२π), भागिले चोवीस तासांचे सेकंद असे केलेत. परंतु चोवीस तास म्हणजे एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंतचा, सूर्याकडे पाहून मोजलेला दिवस. ताऱ्यांकडे पाहून मोजल्यास पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी चार मिनिटे आधीच, तेवीस तास छप्पन्न मिनिटांत पूर्ण होते. त्या काळाने भागल्यास ७.२९ येतात. दोन्ही उत्तरांची वजाबाकी करून पाहावी: ०.०२ उरतात. आता दोन पायला वर्षाच्या सेकंदांनी भागावे, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती ज्या कोनीय वेगाने फिरते तो मिळेल. तोही, त्याच दहाच्या उणे पाचव्या घातात, ०.०२ च आहे. थोडक्यात, आपल्या उत्तरात पृथ्वी स्वतःभोवती फिरते, पण सूर्याभोवती फिरायची राहून जाते.

इतक्या क्षुल्लक फरकासाठी आपला वेळ घेतला नसता. परंतु मामा गावभर सांगत आहेत, "पयल्याच बॉलवर आउट झाली पोरगी." बाबांनी मला विचारले, "मास्तरासमोर चुकली काय तू?" मी "नाही" म्हणाले. बाबा म्हणाले, "मास्तर कायले चुकीचं सांगन?" मला अमरावतीला एम.एस्सी. करायचे आहे. बाबांचे मन आधीच दोलायमान होते. आता ते म्हणतात, बी.एस्सी.ला पहिली आली तरी घरच्या घरी चुकते, तर पुढे शिकून काय उपयोग. प्रवेशाची मुदत सतरा जुलैपर्यंत आहे.

आपण बाबांना एवढेच सांगावे की माझे उत्तर बरोबर होते. मी सांगितले तर ती पोरीची तक्रार ठरते. आपण सांगितले तर ते भौतिकशास्त्र ठरेल.

आपली विश्वासू,
प्रणाली खुशालराव मोहोड


जठारपेठ, अकोला
२३ जून २०२५

प्रणाली यांस,
नमस्कार.

तुमचे पत्र आईने फोडले. आमच्याकडे टपालाने विम्याच्या नोटिसाच येतात, तिला वाटले तीच असेल. मी कॉलेजातून आलो तर ती चष्मा लावून बसलेली.

"काहून रे, पोरीनं लिवलं हाय. होकार हाय का नकार?"

"आई, यात दशांशचिन्ह हाय."

"मंग नकारच समज."

मी तिला सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हंजे तुले झापून राहिली ते?" मी म्हणालो, झापत नाही, क्षमा मागून झापते आहे. तुमच्या पत्रात 'क्षमा' हा शब्द एकदा आहे आणि माझी चूक चार वेळा. 'महोदय' हा शब्द तर मी माझ्या प्राचार्यांनाही इतक्या गारठ्याने लिहिलेला नाही.

आता माझी बाजू. मी चार वर्षे हे उदाहरण चोवीस तास धरून शिकवतो आणि बोर्ड पूर्ण गुण देते. एस.टी.चा दिवस चोवीस तासांचा, माझ्या कॉलेजचा चोवीस तासांचा, आईच्या उपासाचा तर चोवीसाहून मोठा. तुम्ही एकट्याच रोज चार मिनिटे कापून घेता. ती ठेवता कुठे?

गणित मी पुन्हा केले. ०.०२ बरोबर उरतात, हे नाकारत नाही. पण बाबांना सांगायचे तर नुसते आकडे सांगून कसे चालेल? ते मलाच विचारतील, ही चार मिनिटे कशी काय कमी झाली. तेव्हा आईला समजेल अशा भाषेत एकदा सांगा. आईला समजले की मी समजलो म्हणून समजा.

आणि हो, पोहे चांगले होते. हे मी त्या दिवशी बोललो नाही, कारण माझीही नजर बशीवरच होती.

कुलदीप


नांदगाव खंडेश्वर
२७ जून २०२५

माननीय कुलदीप गावंडे यांस,
सादर नमस्कार.

बोर्ड गुण देते, हे मान्य आहे. मलाही त्याच बोर्डाने दिले होते. परंतु पृथ्वी बोर्डाच्या अखत्यारीत येत नाही.

आपण बेबीताईंसाठी विचारले आहे, म्हणून त्यांनाच सांगते; आपण शेजारी बसून ऐकावे.

बेबीताई, पूर्वी खळ्यात बैलाने मळणी करत असत, ती आपण पाहिली असेल. मधोमध खांब रोवलेला असतो आणि बैल त्याच्याभोवती फिरतो. खांबाला डोळे आहेत असे समजा. त्याला बैलाची एकच बाजू दिसत राहते, कारण बैल फिरता फिरता तितकाच वळतही असतो. खांब म्हणेल, "हा बैल स्वतःभोवती एकदाही फिरला नाही." आता दूर शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीला विचारा. तिला आधी बैलाचे तोंड दिसले, मग एक कूस, मग शेपूट, मग दुसरी कूस, आणि पुन्हा तोंड. बाभूळ म्हणेल, "एकदा फिरला." दोघेही खरे बोलतात. पण दोघांच्या मोजणीत एका फेरीचा फरक पडतो, आणि तो बैल खांबाला प्रदक्षिणा घालतो म्हणून पडतो.

चंद्र हा अगदी असाच बैल आहे. त्याचा स्वतःभोवतीचा आणि पृथ्वीभोवतीचा कोनीय वेग सारखा, म्हणून आपल्याला त्याची एकच बाजू दिसते. पृथ्वी मात्र चालता चालता गिरक्याही घेते. सूर्य हा खांब. तो वर्षाला तीनशे पासष्ट गिरक्या मोजतो. तारे म्हणजे बाभूळ. ते तीनशे सहासष्ट मोजतात. ती जास्तीची एक गिरकी वर्षभरात वाटून टाकली की दिवसाला सुमारे चार मिनिटे येतात. मी ती कुठेही ठेवलेली नाहीत.

आता आपल्याजवळ आकडेही आहेत आणि बैलही आहे. बाबांना केव्हा सांगणार, ते आपल्या पत्रात कोठेच नव्हते. आज मामा पुन्हा आले होते. पेरणीबद्दल बोलून झाल्यावर बाबांना म्हणाले, "भाऊजी, पोरीले लय शिकोलं की असं होते, भलतंच बोलते." बाबांनी नुसती मान हलवली. पूर्वी ते अशा वेळी माझी बाजू घेत असत.

आपली विश्वासू,
प्रणाली मोहोड

ता. क. पोह्यांत मीठ कमी होते. आपण चांगले म्हणालात, यावरून आपल्या मोजमापाबद्दल माझे मत बनले आहे.


जठारपेठ, अकोला
३ जुलै २०२५

प्रणाली यांस,
नमस्कार.

बाभूळ जिंकली! आईने टीपॉय बाजूला सरकवला, स्वतः मध्ये उभी राहिली आणि मला तिच्याभोवती बैलासारखे चालायला लावले. मग दारात जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "खरंच की रे! एवढी सोपी गोष्ट तुले चार वर्सं नाही समजली?" आणि लगेच पुढे, "पोरगी मले पसंत हाय. तुहं तू पाय."

मी पाहिले. काल सायंकाळी आईने देवरावमामांना फोन करून आमचा होकार कळवला. आता कोण बरोबर आणि कोण चूक, हा प्रश्नच उरला नाही. कोणी तुम्हाला आउट म्हणणार नाही. एम.एस्सी.चेही होईल काहीतरी, अकोल्यातही कॉलेजे आहेत, लग्नानंतर निवांत पाहू.

मिठाबद्दल आपण समोरासमोर वाद घालू.

कुलदीप


नांदगाव खंडेश्वर
७ जुलै २०२५

माननीय कुलदीप गावंडे यांस,
सादर नमस्कार.

आपला होकार आमच्याकडे बुधवारी रात्री पोचला. मामांनी पेढे आणले. बाबांना इतके आनंदित मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते, म्हणून पेढा खाल्ला. नंतर बाबांना एम.एस्सी.च्या अर्जाविषयी विचारले. ते म्हणाले, "आता ते त्यायच्या हाती हाय बाई. ते म्हनतीन तसं." मामा म्हणाले, "चुकली तरी पसंत केली, मोठं मन हाय लोकायचं."

महोदय, आमच्या गावात आता असे ठरले आहे की मी चुकले आणि आपण क्षमा केलीत.

मी आपल्याला दोन पत्रे लिहिली. दोन्हींत एकच विनंती होती आणि ती होकाराची नव्हती. आपला होकार ही आपली गोष्ट आहे, पृथ्वीचा कोनीय वेग ही पृथ्वीची. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. आणि 'लग्नानंतर निवांत पाहू' हे वाक्य मी आमच्या गल्लीतल्या तीन मुलींच्या बाबतीत ऐकले आहे. तिघीही अजून निवांत झालेल्या नाहीत.

मुदतीला दहा दिवस आहेत. यापेक्षा कठोर भाषा मला येत नाही. येत असती तर वापरली असती.

प्रणाली मोहोड


जठारपेठ, अकोला
१२ जुलै २०२५

प्रणाली यांस,

तुमचे पत्र परवा मिळाले. काल मी किरकोळ रजा काढून नांदगावला जाऊन आलो. तुम्ही टी.सी. आणायला अमरावतीला गेला होतात. तुमच्या बाबांनी तुम्हाला किती सांगितले असेल, याची मला शंका आहे. म्हणून सगळे लिहितो.

ते गोठ्यासमोर होते. मला पाहून गडबडले, "या या सर, एकटेच? मामा नाही आले?" मी म्हणालो, मामांचे काम नाही. कोनीय वेगाबद्दल बोलायचे आहे. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी हुंड्याची नवी पद्धत सांगणार आहे.

मी अंगणातल्या खुंट्याभोवती चालून दाखवू लागलो. सारखे गोठ्याकडेच तोंड ठेवून, सरकत सरकत. ते शांतपणे पाहत होते. अर्धी फेरी झाल्यावर म्हणाले, "सर, असा खेकडा चालते. बैल नाक पुढं करूनच चालते." तेव्हा लक्षात आले की मी नेमके उलटे सिद्ध करत होतो. शेवटी त्यांनी खरा बैल सोडला आणि त्याला धरून खुंट्याभोवती फिरवला. आधी मी मध्ये उभा, मग फाटकाजवळ. मग कासरा माझ्या हाती देऊन ते फाटकाजवळ गेले. बैलाने माझा पाय तुडवला, पण फेरी पूर्ण केली.

फाटकातून त्यांचा आवाज आला, "तोंड दिसलं. कूस दिसली. शेपूट. हे दुसरी कूस. फिरला की हो पुरा!" मग मी चार मिनिटे सांगितली. त्यांनी ती समजून घ्यायला फार वेळ घेतला नाही. पुढचे संभाषण जसेच्या तसे देतो:

"म्हंजे त्या दिवशी माही पोरगी बरोबर होती?"

"होती."

"आन् तुमी चुकले?"

"मी चुकलो."

"तुमी हेच शिकोता ना पोट्ट्यायले?"

"हेच शिकवतो."

"किती वर्सं झाले?"

"चार."

त्यांनी माझ्या हातातला कासरा घेऊन बैल खुंट्याला बांधला. मग म्हणाले, "मंग हिले शिकवाच लागन. नाही तं अकोल्याच्या पोट्ट्यायचं कसं होईन?"

तुमच्या आईने चहा दिला. देवरावमामा वासावर आल्यासारखे आलेच. बाबांनी त्यांना ते बसायच्या आत सांगितले, "देवराव, आउट तं मास्तर होते. अंपायर खराब होता." मामा माझ्याकडे पाहू लागले. मी मान डोलावली आणि पुन्हा म्हणालो, "मी चुकलो." आणखी काय करणार?

एक गोष्ट मी आपणहून सांगितली. आमचा होकार घाईत कळवला गेला. तो तसाच आहे, पण तुमच्या बाबांनी त्याला उत्तर देऊ नये. उत्तर तुमचे तुम्ही द्यावे, हवे ते आणि हवे तेव्हा. नकार असला तर कोणालाही कारण सांगू नये, मलाही नाही. 'लग्नानंतर निवांत' हे वाक्य मी परत घेतो. सोमवारी बारावीच्या वर्गात चार मिनिटेही परत देतो.

माझा नंबर पाकिटावर लिहिला आहे. आई दिवसातून दोनदा विचारते, काही कळलं का. ती दोनदाच विचारते. मी स्वतःला किती वेळा विचारतो ते मोजलेले नाही.

कुलदीप


अमरावती
१९ जुलै २०२५

श्री. कुलदीप यांस,
सादर नमस्कार.

आपली शंका योग्य होती. त्या सायंकाळी मी घरी आले तेव्हा बाबा एवढेच म्हणाले, "अकोल्याचे मास्तर आले होते. बैल पाहून गेले." मला वाटले, आपण होकार मागे घ्यायला आला होतात आणि बाबा ते मला सांगू शकत नाहीत. आपले पत्र येईपर्यंतचे दिवस मी त्याच समजुतीत काढले, आणि त्या दिवसांत मला माझ्याविषयी जे कळले ते आपल्याला सांगण्याचे कारण नाही.

बुधवारी बाबा धुतलेले धोतर नेसून माझ्याबरोबर एस.टी.त बसले. विद्यापीठाच्या खिडकीवरील बाईंनी त्यांना काही विचारले, तेव्हा ते म्हणाले, "हे माही पोरगी. हिलेच विचारा, हे बरोबर सांगते." मग मी माझे नाव, विषय आणि टक्के सांगितले. आवाज खिडकीपलीकडे पोचला. प्रवेश झाला. वसतिगृहात तिघींची खोली मिळाली आहे.

परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी बाबांनी विचारले, "मंग अकोल्याले काय कळवू?" मी म्हणाले, मी कळवते. ते म्हणाले, "बरं, मले सांगजो मंग." अजून मी त्यांनाही सांगितलेले नाही.

माझे उत्तर होकार आहे. एम.एस्सी.ची दोन वर्षे पूर्ण झाल्यावर. त्याच्या एक दिवसही आधी नाही. कारण विचारू नये असे आपण नकारापुरतेच म्हणाला आहात, म्हणून होकाराचे देते. मुलाकडच्या कोणी आमच्या अंगणात उभे राहून "मी चुकलो" असे म्हटल्याचे गावात कोणालाही आठवत नाही, आणि मामांच्या देखत तर नाहीच. बैलाने पाय तुडवल्यानंतरही आपण आपले म्हणणे बदलले नाही, हेही मी विचारात घेतले आहे. आपण खेकड्यासारखे चालत असताना मी तेथे नव्हते, याचे दुःख मात्र राहील.

बेबीताईंना नमस्कार सांगावा. पुरणपोळी मला येत नाही. मामांनी खोटे सांगितले होते.

आता शेवटची बाब. आपला क्रमांक माझ्याजवळ आहे, फोनही हातात आहे, आणि हे सर्व एका मिनिटात कळवता आले असते. परंतु आपण मला पंधरा जूनपासून अकरा जुलैपर्यंत चुकीची ठरवून ठेवलेत. तेवढा काळ आपल्याला अधांतरी ठेवण्याइतकी मी निर्दय नाही. काही दिवस पुरेत. म्हणून हे पत्र टपालानेच येईल. वसतिगृहाबाहेरच्या पेटीवर लिहिले आहे की येथील टपाल साडेचार वाजता काढले जाते. मी चार वाजल्यापासून पेटीजवळ उभी होते. पोस्टमन आले, त्यांनी पेटी उघडली, "टाकायचं हाय काय ताई?" असे विचारले. मी "नाही" म्हणाले. ते गेले. उद्या रविवार आहे.

आपली,
प्रणाली

पेटीत टाकले: शनिवार, दिनांक १९ जुलै २०२५, सायंकाळी चार वाजून पन्नास मिनिटे.